खडूचं बोट

नारिनच्या शाळेत टॅबलेट आले
तेव्हा बाहेर उणे बावीस,
आणि आख्ख्या वर्गात सॉकेट एकच.

उमसुनाई बाईंनी बोट टेकवलं.
काही नाही. पुन्हा टेकवलं.
एकतीस वर्षांच्या खडूनं
बोटाची ओलच पिऊन टाकलेली;
काच त्यांना ओळखेचना.

तिसरीचा वर्ग श्वास रोखून.
मागच्या बाकावरची बेगायिम उठली,
कानाशी येऊन म्हणाली,
"बाई, बोट चाटा."

पान उलटताना बोट चाटलं म्हणून
हिलाच परवा
कोपऱ्यात उभं केलेलं.

बाईंनी वर्गाकडे पाठ फिरवली,
पटकन जीभ लावली.
आधी खडूची चव आली,
मग उजेड.

पोरं हसली नाहीत.
एकानं फक्त विचारलं,
"मग आता पुस्तकालापण चालेल?"