कलम चार, पोटकलम आ

हर्णैला येऊन दोन वर्षं झाली.
विमा नियामकाची खुर्ची सुटली,
बारीक अक्षराची खोड नाही.

द्वारका चोगले पॉलिसी घेऊन आली,
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पदरात.
वादळात होडी फुटली. कंपनी म्हणते, बसत नाही.
"काय कशात बसत नाही, तेवढं सांगा."

वाचलं.
'नौका पाण्यात असताना झालेली हानी.'
हिची तर शाकारून वाळूवर ओढलेली,
माडाला बांधलेली.
"ती कुठं गेली ओ पाण्यात?
पाणीच आलं तिच्याकडं."

हे वाक्य मी मंजूर केलेलं,
चौथ्या मजल्यावर, पडदे ओढून, जेवणाच्या सुट्टीआधी.
'असताना' की 'असतेवेळी'
यावर तासभर वाद झाला होता.
समुद्राचं नाव कुणी काढलं नाही.

रात्री तिच्या वतीनं लोकपालाला अर्ज लिहिला,
माझ्याच सहीविरुद्ध.
तिथली पोरं अक्षर ओळखतील का?
खाली तिनं नाव लिहिलं, चौथीतल्यासारखं,
रेघेवर एकेक अक्षर बसवून.

नोकरीत कुणाचा नारळसुद्धा घेतला नाही.
आज कडीला सुक्या बांगड्यांची पिशवी.
परत द्यायला निघालो,
तर भरती.
पुळणीवरची वाट पाण्याखाली,
आणि मी पिशवी धरून, चपला हातात.