दोन टनाची चेन

उद्यमबागेतल्या आमच्या पत्र्याच्या गाळ्यात
भिंतीवर टांगलेल्या असतात चेनपुल्या:
अर्ध्या टनाची, एक टनाची, दोन टनाची,
आणि कोपऱ्यात पाच टनाची,
जिला उचलायलाच दोन गडी लागतात.
भाडं दिवसाचं. अनामत वेगळी.
वही मी लिहिते.

सिद्राय गिऱ्हाइकाला नेहमी तेच सांगायचा,
पन्नास हात ओढशील तेव्हा हातभर चढंल,
घाई असंल तर दुसरीकडं जा गा.
मग हुकाच्या तोंडात बोट घालून बघायचा
जबडा फाकलाय काय,
आणि साखळी कडीकडीनं बोटांतून सोडायचा,
डोळे मिटून.

हे त्याला दस्तगीरनं शिकवलेलं.
दस्तगीर वास्कोच्या धक्क्यावरून आला होता,
येताना दोन शब्द घेऊन:
हाबेस म्हणजे उचल, आर्या म्हणजे सोड.
कुठल्या भाषेतले, त्यालाही ठाऊक नव्हतं.
आमच्याकडं कुणी म्हणायचं वर घे, कुणी म्हणायचं एत्तु,
ओझ्याखाली उभं राहून गोंधळ नको
म्हणून मग सगळ्यांचंच हाबेस, आर्या.

वहीत बघा.
कडोलीच्या विहिरीतली मोटार, गाळासकट.
फौंड्रीतलं लेथ, दारातून जाईना म्हणून भिंत फोडून.
हुक्केरीकडं रथाचा आख बदलायचा होता,
तिथं स्वामींनी चेनीला आधी कुंकू लावलं,
ते ग्रीसमध्ये मिसळून वर्षभर लालसर राहिलं.
बागेवाडीची गाभण म्हैस, आडात पडलेली.
पोटाखाली दोन पट्टे, वर तिकाटणं,
अर्धी रात्र.
वर आल्यावर तिनं आधी शेण टाकलं, मग हंबरली.
भाड्याच्या रकान्यात मी लिहिलंय, खरवस.

एका रात्री चार पोरं आली,
गावाच्या वेशीवर पाटी उभी करायची म्हणाली,
लोखंडी, मराठी अक्षरांची.
दिली.
दोन महिन्यांनी दुसरी माणसं आली, सरकारी जीपमधून.
तीच पाटी उतरवायची होती.
सिद्रायनं तीच चेन दिली.
मी भांडले. जेवण वाढलं नाही.
तो म्हणाला, चेनीला वाचाय येत न्हाई गे.
त्या रात्री तो झोपला नाही, तेही मला माहीत आहे.
वहीत दोन ओळी आहेत, एकाच दराच्या.

तुळशीच्या लग्नादिवशी त्याची उजवी बाजू गेली.
उजवी बाजू, आणि बोलणं.
दवाखान्यात माणूस उचलायचं यंत्र होतं,
पांढरं, चाकाचं,
किंमत ऐकून मी फक्त त्याचा हूक बघून घेतला.
घरी तुळईला अर्ध्या टनाची बांधू म्हटलं
तर ती खानापूरला गेलेली, एक टनाचीही बाहेर.
राहिली दोन टनाची.
ताडपत्रीचा झोळणा शिवला, कडेला दुहेरी टीप,
चार कोपऱ्यांना चार शॅकल.
त्रेपन्न किलोंचा माणूस.

शेजारची इरव्वा दारात येऊन उभी राहिली,
म्हणाली, काय करूलायस गे हे?
मी म्हटलं, चादर बदलूलालोय.

ओढत राहिले. पन्नास हात.
चढताना ती कटकट करते,
कट, कट, आणि तो वितभर वर,
डोळे साखळीवर. कडी मोजत असणार.
दमून मी हात सोडला,
आणि तो तिथंच राहिला, अधांतरी, जरासा हलत.
चांगल्या चेनीचं एवढंच असतं.
हात सुटला तरी ओझं सुटत नाही.

चादर घातली. सुरकुत्या काढल्या.
तेव्हा वरून आवाज आला,
जाड, ओला, अर्ध्या तोंडातून,
तीन आठवड्यांनी पहिला.

आ-र्या.

उतरताना ती काही बोलत नाही.
हळूहळू सोडत गेले.

सोमवारी साखर कारखान्याचा माणूस दोन टनाची मागायला आला.
बाहेर आहे, म्हटलं.
कधी येईल?
वही उघडली, मिटली.