केसांवर भांडी

रताळी काढायचे दिवस होते.
शिवरात्रीच्या बाजारासाठी सगळं गाव मातीत वाकलेलं,
आणि मोबाईलवर फिरत होता एक व्हिडिओ:
कुठल्यातरी गावात, कुणीतरी, कुणाचंतरी मूल
पोत्यात घालून नेतंय.
शेवटी एक बाई रडते. तिची भाषा
आमच्यातल्या कुणालाच कळत नव्हती.
म्हणून तर ती खरी वाटली.

त्या रात्रीपासून गस्त.
शट्टुप्पानं बैलाचा जुना कासरा काढला,
तरळ्यांच्या पोरांनी स्टंप.
शाळेतल्या बाईंनी शिकवलं,
अनोळखी माणसानं चॉकलेट दिलं तर ओरडायचं.
माझ्या धाकट्यानं विचारलं,
"आणि ओळखीच्यानं दिलं तर?"
मी त्याच्या तोंडात भाकरीचा घास घातला.

चौथ्या दिवशी तो सापडला,
दूध डेअरीच्या वळणावर,
सायकलच्या मागे पोतं.
"कोण बे तू? कुठला?"
गप्प.
"यारु नीनु? याव ऊरु?"
तो हसला. भ्यालेला माणूस हसतो तसा.
मग काहीतरी बोलला,
त्यात थोडी हिंदी होती, थोडी तेलुगू असावी,
आणि आमचा एकच शब्द: आक्का.

पहिली चप्पल कुणाची, ते कुणी पाहिलं नाही.
पोतं भरमाण्णानं फाडलं, विळ्यानं.

आतून केस पडले.
काळे, पांढरे, मेंदीनं तांबूस झालेले,
बोटाभोवती गुंडाळलेल्या गाठी,
कॅरीबॅगेतल्या पुरचुंड्या.
सगळे दोन पावलं मागे सरले.
"बघा," कुणीतरी म्हणालं, "पोरींचे केस."
आणि सगळे चार पावलं पुढे आले.

मी तिथंच होते, कमरेवर घागर.
त्या ढिगात हिरव्या दोऱ्यानं बांधलेला एक गुंता
माझा होता.
बाळंतपणानंतर मूठमूठ गळलेले,
भिंतीच्या फटीत साठवलेले,
वर आत्तीचे चार रुपेरी.
महिन्यापूर्वी त्यानं ते हातातल्या काट्यावर तोलून
स्टीलची एक वाटी दिली होती.
मी हुज्जत घातली तेव्हा वर दोन पिना.
पाणी मागितलं. मी उंबऱ्याच्या आतून तांब्या पुढे केला.
आधी हात धुतले, मग प्यायला.

एवढंच म्हणायचं होतं:
केस माझे आहेत, मीच दिलेत.
पण नवरा हुबळीला ड्यूटीवर असताना
भर दुपारी कुणाला दार उघडलंस,
हा प्रश्न माझ्या आधीच
तिथं येऊन उभा होता.
मी एकटी नव्हते. बाळव्वा होती,
गुरवाची रेणुका होती.
आम्ही एकमेकींच्या अंबाड्यांकडे बघितलं
आणि पदर डोक्यावरून पुढे ओढले.

काकतीची जीप आली तेव्हा जिवंत होता.
नाव विचारलं, त्यानं सांगितलंही,
पण ओठ असे फाटलेले
की हवालदारानं तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.

आठवड्यानं वेशीवर फलक लागला:
अनोळखी व्यक्तींना गावात मज्जाव.
एरवी फलक म्हटला की
वर कन्नड की वर मराठी,
यावर रातोरात डांबर फासणारं आमचं गाव.
यावेळी तासाभरात जमलं.
दोन्ही भाषा शेजारीशेजारी, एकाच मापाच्या.
लग्न होऊन आल्यापासून
इतकं एकमत मी पाहिलं नव्हतं.

वाटी अजून आहे. धाकटा तीच मागतो दूध प्यायला.
केस गळायचे थांबत नाहीत,
फटीत जागा उरली नाही.
परवा मागच्या अंगणात जाळायला घेतले.
वासानं बाळव्वा बाहेर आली.
"काय जळतंय गं?"
"काही नाही की," मी म्हटलं.
ती गेली नाही. कुंपणापाशीच उभी राहिली,
एक मूठ घट्ट मिटलेली,
बोटांच्या फटीतून लोंबणारा
एक लांब पांढरा केस.