उधारीची वही

खडकी बाजारातलं मकासऱ्यांचं वाणसामानाचं दुकान बुडालं,
तेव्हा तराजू मेव्हण्यानं नेला, डबे भंगारात गेले,
आणि लाल कापडी बांधणीची एक लांबट वही
युनीसबाईंनी पिशवीत घालून
रविवारच्या शाळेत आणली.

शाळा म्हणजे चर्चमागची पत्र्याची खोली.
दोन सतरंज्या, फ्लॅनेलचा फळा,
त्यावरून सारखी घसरणारी कापडी मेंढी
आणि आम्ही एकवीस जण,
बहुतेक दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांची पोरं.
बाप आठवडाभर काडतुसं भरायचे,
रविवारी आम्ही वैऱ्यावर प्रीती करायला शिकायचो.
हे कुणाला खटकलं नाही.
खटकलं अलीशा लोंढेला.
"बाई, मग माझ्या पप्पांनी काय करायचं?"

बाई गप्प झाल्या.
सुवर्णवचनाच्या कागदाची घडी घातली,
वही उघडली, डावीकडच्या रकान्यात लिहिलं:
अलीशा. पप्पांनी काय करायचं. उधार.

तिथून खातं सुरू झालं.
जलप्रलयात माशांना शिक्षा का नाही? उधार.
स्वर्गात मराठी चालतं का?
पाळकसाहेबांना विचारून जमा, पाच ऑगस्ट.
खालच्या मजल्यावरची शबनम रोज मला डब्यातलं देते,
ती कुठं जाणार?
उधार. खाली दोनदा रेघ, शाई फुटलेली.

मी नऊ वर्षांची होते.
डॅडींना ससूनमध्ये ठेवलेलं.
सगळी मंडळी गुडघ्यांवर होती, तरी ते गेले.
मी विचारलं, मग त्या सगळ्या प्रार्थना कुठं गेल्या?
पंचांपैकी एक जण घसा खाकरून पुढं आले.
बाईंनी हातानंच त्यांना थांबवलं
आणि लिहून घेतलं, सावकाश, माझ्याच शब्दांत.
उत्तर दिलं नाही, आजतागायत नाही.
पण पुढचे कितीतरी रविवार
वही लिहायचं पेन माझ्या हातात होतं.

बेन्हूर आढावला वचन पाठ व्हायचं नाही.
दरवर्षी उत्तेजनार्थ साबणाची वडी.
आईला बरी पडते, म्हणायचा.

बाई गेल्यावर वही माझ्याकडं आली.
मागून उघडली तर शेवटच्या पानावर
एक खातं, ज्याचा मला पत्ता नव्हता:
युनीस. इतकी वर्षं शिकवते आहे.
रात्री जाग येते तेव्हा तिथं कुणी नसतं.
उधार.

आणि खाली, रेघ सोडून उतरत गेलेली अक्षरं:
बाई तुमच्या वाटचा विस्वास मी ठेवतो
बऱ्या झाल्या की परत न्या. बेन्हूर

उजवीकडं बाईंची सही. तारीख नाही.

बेन्हूर आता खडकी स्टेशनला रिक्षा लावतो.
रविवारी आमच्याआधी येऊन सतरंज्या झटकतो.
वचन अजून पाठ नाही.
मी विचारलं, "बाईंनी परत नेला का रे?"
तो धुळीनं शिंकला.
"नेला की. हप्त्याहप्त्यानं.
कधीकधी जास्त देऊन जायच्या,
म्हणायच्या, राहू दे तुझ्याकडं."
"मग आता किती आहे?"
"मोजायला बसलो असतो," तो म्हणाला,
"तर दुकानासारखंच झालं असतं."

आज अलीशाची धाकटी आली होती, एकटीच,
केसांना तेल, एका पायात मोजा नाही.
"टीचर, पप्पा चर्चला का येत नाहीत?"
मला एक उत्तर ठाऊक होतं.
ते पहिल्याच पानावर होतं, डावीकडच्या रकान्यात.
मी तिचं नाव लिहिलं.
पेन तिच्या हातात दिलं.

"चार पानं उरलीत," मी बेन्हूरला म्हणाले.
"नवी आणतो," तो म्हणाला,
"पण लांबट मिळत नाही हल्ली.
चौकोनी चालेल?"