तीन औटे साडेअकरा

फीत भाजावी लागते, हे आईला अजून पटलेलं नाही.
चोपन्न अंश, आठ तास.
अलकापुरीतून आणलेलं यंत्र खरं तर आंबे सुकवायचं.
जाळीच्या पाच ताटल्या होत्या,
तिघींचा मधला भाग मी कापून काढला.
परीखभाईंनी बिलावर लिहिलं, "किचन उपकरण".
ऑडिटरने विचारलं, किचन कुठाय?

ही पेटी दांडिया बाजारातून आली.
विश्वामित्री तळमजल्यात शिरली तेव्हा
फणसेंनी आधी सिलिंडर वर नेला,
मग शिलाई मशीन, मग कुत्रा.
फिती राहिल्या.
चार दिवसांनी गाळातून काढल्या तेव्हा
अंगणात मगर होती म्हणे.
मी खोलात गेले नाही. पूर ओसरला की
बडोद्यात ज्याच्यात्याच्या अंगणात एक निघते.

डिस्टिल्ड पाण्याने धुतली.
कापूस काळा, मग करडा, मग नुसताच ओला.
सुकवली, भाजली, रात्रभर निववली.

डबीवर बॉलपेनने : पतपेढी, वार्षिक सभा, १९७८.
अध्यक्ष एकोणचाळीस मिनिटं बोलतात.
एक माणूस दर दोन मिनिटांनी खोकतो, तोच.
लाभांश नऊ टक्के. टाळ्या.
आभार.
खट्.

खट्‌नंतरही ऐकायचं, फीत संपेपर्यंत, असा नियम आहे.
बहुतेकदा खरखर असते
आणि मी नखं बघत बसते.
इथे मात्र, सभा जिथवर पोचली नाही
तिथे आधीचं काहीतरी पुसायचं राहिलेलं :

एक औट साडेतीन.
दोन औटे सात.

थांबतं. लांब कुठेतरी भांडं पडतं.
बाईचा आवाज : "हं, पुढे?"

तीन औटे साडेअकरा.
चार औटे चौदा, पाच औटे साडेसतरा,
ठणठणीत, जिना उतरताना
एक पायरी हवेत पडली तरी
खालची बरोबर पायाखाली यावी तसं.
कुणी टोकत नाही.
मग फीत सुटते, रिळावर फटफटत राहते.

फणसेंना फोन केला.
म्हणाले, तेव्हा आमच्याकडे लेकरूच नव्हतं.
रेकॉर्डर मागून आणलेला.
कुणाचा, ते बाबांना ठाऊक.
बाबा पंच्याण्णवला गेले.

रकाने भरले. वक्ता : अज्ञात. वय : अंदाजे सात.
म्हणजे असेल तर आता चोपन्नचं,
भट्टीचाच आकडा. याला रकाना नाही.
विषयांच्या यादीत "पतपेढी" सापडलं,
"पाढे" नव्हतं.
हेमाली म्हणाली, चाळीस सेकंड तो छे, कापी नाख.
हो हो म्हटलं, आणि कापलं नाही.

मग चेकसम.
चौसष्ट अक्षरांची एक ओळ, फायलीच्या पोटातून निघालेली.
आत कुठे एक ठिपका जरी हलला
तर अख्खी ओळ बदलते, ओळखू येत नाही.
मूल साडेदहा म्हणालं असतं तर वेगळी आली असती.
त्या बाईने टोकलं असतं तर आणखी वेगळी.
या हिशोबाला औटकी येत नाही.
होतं तसं आहे की नाही, एवढंच येतं.

तीन प्रती केल्या.
एक इथे, वरच्या मजल्यावर,
एक साबरमतीकाठी, एक मुठेकाठी.
तिन्ही नद्या एकाच दिवशी चढत नाहीत,
असं परीखभाई म्हणतात.
मी त्यांना टोकलं नाही.

महिन्याच्या एक तारखेला, चहा येईपर्यंत,
तिन्हींच्या ओळी जुळवून बघते.
परवा आईने विचारलं, काय करतेस गं तिथे दिवसभर?
एका पोराचा पाढा तपासते.
मग, बरोबर येतो का?
नाही, म्हटलं.
अजून तितकाच चुकतो.