शेऱ्याचा रकाना

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीचं ऑफिस बर्फाच्या कारखान्यावर आहे.
खाली क्रशर लागला की टेबल थरथरतं
आणि स्क्रीनवरचा कर्सरही, मला उगाच वाटतं.

काम छोटं होतं.
सात वर्षांच्या लिलावाच्या नोंदी डेटाबेसमधून उपसून
साध्या मजकुराच्या एका फाइलीत ओतायच्या,
दोन रकान्यांच्या मध्ये एक स्वल्पविराम,
म्हणजे रत्नागिरीच्या साहेबांच्या एक्सेलला त्या उघडतील
आणि डिझेलचा परतावा सुटेल.
चौदा ओळींचा कोड.
चहा निवायच्या आत होईल, मी म्हणाले.

पहिल्यांदा उघडली तर सुरमई नव्हती.
तिच्या जागी टोप्या घातलेली परदेशी अक्षरं,
मध्येच यूरोचं चिन्ह.
हरेश्वर चोगले चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"हे कुठल्या दर्यातलं म्हावरं गो?"
मग फाइलीच्या तोंडाशी तीन बाइट ठेवले,
कुणाला न दिसणारे,
लिलाववाला पहिली बोली पुकारण्याआधी
नुसतंच खाकरतो ना, तसे.
सुरमई परत आली.
मांदेली, म्हाकूल, हलवा, सगळी आपापल्या नावानं.

दुसऱ्यांदा शून्यं बुडाली.
०४७ ची बोट ४७ झाली,
इस्माईल दर्वेशांचा मोबाईल नंबर आकसून
नऊ पॉइंट चार दोन, ई, अधिक नऊ.
आणि चोगल्यांनी जिथं टोपल्या लिहिल्या होत्या ३-४,
तिथं एक्सेलनं परस्पर ठरवलं, तीन एप्रिल.
"तीन एप्रिलला वारा होता," चोगले म्हणाले,
"एक होडी गेली नव्हती."

तिसऱ्यांदा ओळीच फुटल्या.
दहा रकान्यांचे कुठे बारा, कुठे चौदा.
माग काढत गेले तर शेवटचा रकाना: शेरा.
कुणी सांगितलं नसताना सात वर्षं भरलेला.
अर्ध्या भावात दिली, बर्फ उशिरा आला, तांडेल गप्प होता.
जाळं फाटलं, नवं घेतलं नाही, का ते विचारलं नाही.
कासव सापडलं, सोडलं, लिहू नको म्हणाला, लिहिलं.
मीनाक्षी पावसेनं आज पहिल्यांदा स्वतः बोली लावली,
सगळे हसले, मग दर चढला.

शाळेत शिकवलं होतं, स्वल्पविराम म्हणजे थोडं थांबणं.
मशीनला ते कुंपण वाटतं.
चोगल्यांचा तो दम होता, जिना चढताना घेतात तसा.

प्रत्येक शेरा मग अवतरणचिन्हांत घेतला,
आणि ज्यात आधीच कुणी बोललेलं होतं
(सोलकर म्हणे, "दर्या कुठं हिशोब ठेवतो?")
तिथं आतली चिन्हं दुप्पट केली.
नियमच आहे, दुसऱ्याचं बोलणं सांगायचं
तर ते दोनदा झाकायचं.
बंदरावर हा नियम कुणी पाळत नाही.

ओळी जुळल्या. अकरा हजार चारशे बारा.
मी रत्नागिरीला फोन लावला.
"शेरा नकोय मॅडम," तिकडून उत्तर,
"आमच्या नमुन्यात नऊच रकाने."

एक शब्द खोडला, तेवढंच.
चोगले खाली लिलावात होते, त्यांना हाक नाही मारली.
पण नवव्या रकान्यानंतरचा स्वल्पविराम राहू दिला,
अकरा हजार ओळींच्या शेवटी एकेक,
त्याच्यापुढे काही नाही.
साहेबांना कळायचंही नाही.
शेराची मूळ फाइल माझ्याकडे आहे, कशासाठी ते ठाऊक नाही.

क्रशर थांबला तेव्हा ते वर आले,
बाहीला खवले चिकटलेले.
चहा कधीचा गार. तोच प्यायले.
आजची वही उघडली, पेन झटकलं,
वारा पडला,
एवढं लिहून जरा थांबले.