कडी आतून लागते का

उमरेडच्या थांब्यावर मोबाइल थरथरला:
पेपर पुढे ढकलला. तारीख नंतर कळवू.
एसटी सुटली तरी आम्ही तिघी
हॉलतिकिटाची घडी घालत, उघडत, पुन्हा घालत.
प्रणोती म्हणाली, इथंच उतरू, परतीची मिळेल.
ट्विंकल मडावी खिडकीबाहेर बघत म्हणाली,
घरी कोणाला माहीत आहे?

गणेशपेठेला उतरलो तेव्हा साडेपाच, मे महिन्याचे.
डांबर अजून दुपारच्याच ताब्यात.
तिघींचे मिळून सतराशे चाळीस.
आरमोरीचं परतीचं भाडं, अर्ध्या तिकिटाचं का होईना,
प्रणोतीनं ओढणीच्या टोकाला गाठ मारून वेगळं ठेवलं.
उरलेल्यात एक रात्र शोधायची होती.

पहिल्या लॉजच्या भिंतीवर पाच देशांची पाच घड्याळं,
त्यातली तीन बंद.
सोबत जेन्ट्स कोण आहे?
कोणी नाही.
मग आमच्याकडे फक्त फॅमिलीला देतात.
ट्विंकल म्हणाली, तिघी आहोत,
फॅमिलीला अजून किती लागतात?
तो लंडनच्या वेळेकडे बघत राहिला.

दुसऱ्याचा फोटो मोबाइलवर होता:
निळी चादर, टॉवेलचा घडी घालून केलेला हंस.
टॉवेल होता.
एसीचा रिमोट मॅनेजरच्या खिशात,
खिशातून बाहेर यायचे चारशे वेगळे.

तिसऱ्याच्या पाटीतला 'आ' विझलेला, हॉटेल नंद.
खोली स्वच्छ, गादी कडक, नळाला पाणी,
आणि दाराला आतून
कडीच्या जागी स्क्रूची तीन भोकं.
बाहेरून मात्र कोयंडा, चांगला पितळी.
ट्विंकलनं एकेका भोकात बोट घालून पाहिलं.
जिना उतरताना कोणीच बोललं नाही.

कॉटन मार्केटकडे एका गाडीवर पोहे घेतले, दोन प्लेट, तिघींत.
तर्री ओतता ओतता तो म्हणाला,
रूम पाहून राहिल्या का? मंग कूलर पाहा पहिले.
अन् कूलरमंधी पाणी हाय का, थे पाहा.
नागपूर हाय बाई, पंख्याच्या भरवशावर नोका राहू.

चौथं लॉज कूलरच्या दुकानावरच होतं.
जिन्यात ओल्या वाळ्याचा वास,
काउंटरवर चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेल्या बाई
शब्दकोडं सोडवत बसलेल्या.
त्यांनी विचारलं, पहाटे कोणाची गाडी आहे का?
उठवायचं असेल तर आत्ताच सांगा, मी नंतर ऐकत नाही.
भाडं नऊशे.
आठशे, ट्विंकल म्हणाली.
आठशे. पण कूलरचं पाणी तुम्ही भरायचं.

आधी दार, असं म्हणून आम्ही वर गेलो.
कडी लावली, काढली, तिघींनी पाळीपाळीनं.
कडी जुनी होती, मोठी, आणि खोटं बोलत नव्हती.

मग रजिस्टर. नाव, गाव, आधार,
आणि शेवटच्या रकान्यात: येण्याचे कारण.
वर सगळ्यांची कारणं होती.
दवाखाना. कोर्ट. दवाखाना. लग्न. विद्यापीठ. दवाखाना.
प्रणोती कानात म्हणाली, परीक्षा लिही ना.
पेन थोडा वेळ तसाच राहिला.
मी लिहिलं, नागपूर पाहणे.
बाईंनी ते वाचलं, मान वर केली नाही,
किल्ली सरकवली, आणि विचारलं,
आडवे पाच, चार अक्षरी, 'ऐनवेळी'?

तिसऱ्या मजल्याच्या नळावरून अकरा बादल्या.
बाहीपर्यंत भिजलो आणि उगाच हसत सुटलो.
आईचा फोन आला: अभ्यास झाला का?
चालू आहे.
आणि हा कसला आवाज?
कूलर.
जास्त पैसे तर नाही ना घेत त्याचे?
नाही, म्हटलं, पाणी आमचंच आहे.

रात्री दोनच्या सुमारास कोणीतरी उठून
अंधारात कडी चाचपली.
सकाळी तिघींनीही सांगितलं, मी नव्हते.